महाराष्ट्र पायी पाहायचाय? मग पाच वर्षांचा बेत असा आखा

डिसेंबरातल्या एखाद्या स्वच्छ सकाळी कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहिलं की पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग एका ओळीत दिसतात. दक्षिणेकडे भंडारदऱ्याचं पाणी आणि रतनगड, त्याच्याही मागे हरिश्चंद्रगडाचा पसारा. १६४६ मीटरवरच्या त्या जागी, राज्यातल्या सगळ्यात उंच ठिकाणी, पहिल्यांदा आलेला माणूस थोडा वेळ गप्प राहतो आणि मग विचारतो, "हे सगळं बघून व्हायला किती दिवस लागतील?"

मला हा प्रश्न फार आवडतो. त्यात हौस असते आणि थोडी घाईही असते. हौस तशीच राहावी आणि घाई कमी व्हावी, म्हणून हा लेख.

मी भटकायला लागलो तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर "१०० किल्ले" असं लिहिलं होतं. दीड वर्षात तीसेक झाले. कधी कधी एका रविवारी दोन. मग एका नवख्या मुलाने त्यातल्याच एका गडाबद्दल विचारलं, "फेब्रुवारीत वर पाणी असतं का? मुक्कामाला गुहा कुठल्या अंगाला आहे?" मला सांगता आलं नाही. मी त्या गडावर चाळीस मिनिटं होतो आणि त्यातली निम्मी फोटोत गेली होती. त्या संध्याकाळी मी ते पान फाडलं. पुढचे दोन हिवाळे फक्त सातमाळा रांगेत घालवले. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: लांब पल्ल्याचं उद्दिष्ट आकड्यात मांडू नये, मुलखात मांडावं. महाराष्ट्रात साडेतीनशेच्या आसपास किल्ले सांगितले जातात. घाटवाटा, लेणी, सुळके, देवराया वेगळ्याच. आकड्याच्या मागे लागलं तर तो संपत नाही. एक डोंगररांग मात्र खरोखर ओळखीची होऊ शकते.

आधी दिवस मोजा

नकाशा उघडण्याआधी कॅलेंडर उघडा. वर्षात ५२ रविवार असतात. त्यातून सणवार, लग्नकार्यं, परीक्षा, ड्युटी, जुलैतले मुसळधार पावसाचे आठवडे आणि एप्रिल-मेची काहिली वजा करा. नोकरी-घर सांभाळणाऱ्या नवख्या माणसाकडे वर्षाला १२ ते १५ मोकळे दिवस उरतात. १२ धरा. पाच वर्षांत ६० दिवस. एवढंच भांडवल आहे असं समजून बेत करा.

मग स्वतःच्या घराभोवती तीन वर्तुळं काढा. पहिलं, पहाटे निघून रात्री परत येता येईल एवढं. दुसरं, रात्रीचा प्रवास करून एक-दोन दिवस काढावे लागतील असं. तिसरं, वर्षातून एकदाच, तीन-चार दिवस सुट्टी टाकून जायचं. पुण्यात राहणाऱ्याच्या पहिल्या वर्तुळात राजगड, तोरणा, लोहगड येतात, पण साल्हेर दुसऱ्यात जातो. नागपूरकराला तोच साल्हेर तिसऱ्या वर्तुळात पडतो, आणि मेळघाटातला गाविलगड मात्र पुणेकरापेक्षा कितीतरी जवळ. म्हणून दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलू नका. १२ पैकी आठ दिवस पहिल्या वर्तुळात, उरलेले चार दुसऱ्या आणि तिसऱ्यात मिळून, अशी वाटणी मला जमली. तुमची वेगळी असेल.

याच टप्प्यावर घराजवळची एक टेकडी किंवा गड नक्की करा. पुण्यात असाल तर आतकरवाडीतून सिंहगड, साताऱ्यात अजिंक्यतारा, नाशकात रामशेज, कोल्हापुरात जोतिबाचा डोंगर. दोन महिने दर आठवड्याला तीच चढण चढा आणि वेळ लिहून ठेवा. पहिल्या दिवशी किती वेळा थांबलात, आठव्या आठवड्यात किती वेळा, हेही लिहा. शरीर किती तयार झालं ते यावरून कळतं. पुढच्या ट्रेकला किती वेळ लागेल याचा अंदाजही या नोंदींवरूनच बांधता येतो.

उद्दिष्टाला आकार द्या

"खूप फिरायचं" हा झाला मनोरथ. पाच वर्षांनी वही उघडल्यावर "हे झालं, हे राहिलं" असं बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. मला दिसलेले चार आकार सांगतो.

पहिला आकार ठरावीक यादीचा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी दुर्गव्यवस्थेचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यातला जिंजी तामिळनाडूत आहे. उरलेले ११ आपल्याकडे: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. ही यादी नवख्यांना मी मुद्दाम सुचवतो. ११ हा आकडा आवाक्यातला आहे. गड नाशिकपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत विखुरलेले आहेत, त्यामुळे राज्य आपोआप फिरून होतं. शिवाय त्यात गिरिदुर्ग आहेत तसे होडीने जायचे जलदुर्गही आहेत, म्हणजे आई-वडील आणि मुलांनाही सोबत नेता येतं. दम काढणारी चढाई मुख्यतः साल्हेर आणि राजगडावर आहे. १५६७ मीटरवरचा साल्हेर हा राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना त्याच्या पायथ्याला उघड्या मैदानात हरवलं. ते मैदान वरून बघताना अंगावर काटा येतो.

दुसरा आकार डोंगररांगेचा, आणि तोच माझा सगळ्यात लाडका. नाशिक जिल्ह्यातली सातमाळा घ्या. अचला, अहिवंत, मार्कंड्या, सप्तशृंग, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड असे एकामागे एक डोंगर पश्चिमेकडून पूर्वेकडे मांडलेले आहेत. पहिल्या फेरीत ते सगळे सारखेच वाटतात. तिसऱ्या फेरीला अहिवंतावरून धोडपच्या कातळभिंतीतली खाच ओळखता येते. पाचव्या फेरीला एका गडावर बसून उरलेल्यांची नावं सोबतच्यांना सांगता येतात. त्या दिवशी जो आनंद होतो तो आकडा वाढल्याचा नक्कीच नसतो. त्र्यंबक रांग (अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, भास्करगड), बागलाणातला साल्हेर-मुल्हेरचा मुलूख, किंवा पुणे जिल्ह्याच्या मावळातला लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हा गट. यातलं एक निवडा आणि त्याला दोन वर्षं द्या.

तिसरा आकार घाटवाटांचा. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या या जुन्या वाटा. जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वाहता आहे. तिथल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. कोकणातल्या वैशाखऱ्याकडून चढताना पायाखालचे झिजलेले दगड पाहिले की किती पावलं इथून गेली असतील याचा अंदाज येतो. खांडसहून भीमाशंकरला जाताना गणेश घाट सोपा आणि शिडी घाट धोक्याचा, हा फरक नवख्याने लक्षात ठेवायलाच हवा. केळदचा मढे घाट, बोराट्याची नाळ, सावळ्या घाट अशी मोठी यादी आहे. पण घाटवाटा तिसऱ्या वर्षाआधी नकोत. का, ते पुढे येईल.

चौथा आकार ऐतिहासिक मार्गाचा. पन्हाळा ते पावनखिंड ही दोन दिवसांची चाल. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले तो मार्ग. दरवर्षी पावसाळ्यात शेकडो लोक मसाई पठारावरून, चिखलातून, तो चालतात. गर्दीत चालायचं नसेल तर नोव्हेंबरात जा. पण भर पावसात एकदा तरी तो चालावा असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री काय घडलं असेल ते पायांना समजतं.

यातले दोन आकार निवडा, एक मुख्य आणि एक सोबतीचा. माझी सूचना: रांग मुख्य, ११ किल्ल्यांची यादी सोबतीला.

एक आग्रह आहे. सह्याद्री म्हणजेच महाराष्ट्र असा समज आपल्यात घट्ट बसलाय. वर्षातला एक तरी दिवस त्याच्या बाहेर ठेवा. मेळघाटात गाविलगड आणि नरनाळा आहेत. मराठवाड्यात देवगिरी आहेच, पण कन्नडजवळच्या जंगलातला अंतूर फार थोड्यांनी पाहिलाय. नंदुरबारकडच्या सातपुड्यात अस्तंभ्याच्या डोंगरावर दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा भरते आणि हजारो लोक रात्रभर चढतात. आपल्याच राज्यात किती प्रकारचे डोंगर आहेत हे अशा वेळी उमगतं.

चढण हळूहळू वाढवा

पाच वर्षांची विभागणी अशी करता येईल.

पहिलं वर्ष मळलेल्या वाटांचं. लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणी, मग लोहगड. दोन-तीन ट्रेक झाले की गायमुख खिंडीतून विसापूरही जोडा. बारीतून कळसूबाई. पालीकडून राजगड. सगळे एका दिवसाचे.

दुसऱ्या वर्षी मुक्काम सुरू करा. पाठीवर आठ-दहा किलो वजन आलं की चालणं पार बदलतं. रतनवाडीतून रतनगड (खाली अमृतेश्वराचं कोरीव मंदिर, वर कातळाला पडलेलं नेढं, म्हणजे आरपार भोक) आणि पाचनईकडून हरिश्चंद्रगड हे दोन चांगले. कोकणकड्यावर संध्याकाळी बसायला मिळालं तर बाकीचा बेत थोडा बाजूला ठेवा. कड्याच्या टोकाशी मात्र झोपून बघा, उभं राहून नको. वारा अचानक उलटतो. गडावर आणि अभयारण्यात मुक्कामाचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात किंवा वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या. गावातच एखाद्याच्या ओसरीवर राहणं मला जास्त आवडतं.

तिसऱ्या वर्षी घाटवाटा आणि जोड-ट्रेक. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून धारेधारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणं हा त्यातला उत्तम धडा. इथे वाट शोधावी लागते, आणि त्यासाठी आपल्या डोंगराची जडणघडण समजून घ्यावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा बेसॉल्ट तयार झाला. कठीण थराचा कडा होतो आणि दोन कड्यांमध्ये झाडीने भरलेली सपाटी राहते. तिला आपण पदर म्हणतो. म्हणून सह्याद्रीत चढताना कडा, पदर, कडा, पदर असाच क्रम येतो. पदरात आडवं चालणं सोपं असतं. कडा ओलांडायला मात्र ठरावीकच जागा असतात: डोंगराची उतरत आलेली सोंड, पाण्याने कोरलेली नाळ, किंवा जुन्या लोकांनी खोदलेल्या पायऱ्या. पदरात फसलेला नवखा माणूस "कुठूनही वर जाऊ" म्हणून कड्याला भिडतो आणि अडकतो. शिवाय गुरांच्या ढोरवाटा पदरातच सगळ्यात जास्त भुलवतात. पहिली दोन वर्षं हे डोळ्यांनी बघून झालेलं असलं की तिसऱ्या वर्षी घाटवाट झेपते.

चौथ्या वर्षी, आणि वाटलं तरच, दोर. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. त्यामुळे मदनसारख्या गडावर आज कातळटप्पे दोराशिवाय पार करता येत नाहीत. लिंगाणा तर सुळकाच आहे. त्यासाठी एखाद्या जुन्या, जाणत्या गिर्यारोहण संस्थेच्या प्रस्तरारोहण शिबिरात हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), गाठी, बिले (खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणं), रॅपलिंग (दोरावरून उतरणं) नीट शिका. पैसे भरून कोणी वर ओढून नेलं तर दोर शिकून होत नाही. आणि उंचीची भीती वाटत असेल तर हे वर्ष सरळ सोडून द्या. दोराला हातही न लावता राज्यातला बहुतेक मुलूख बघता येतो.

पाचव्या वर्षी आपल्या निवडलेल्या रांगेची सलग तीन-चार दिवसांची यात्रा. तोवर गावं, पाणी, वाटा, माणसं सगळं तुमच्या वहीत असेल.

वेळेचा हिशेब करायला एक जुना नियम कामाचा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा ६ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढाई आहे. चालण्याचे सव्वा तास, चढाईचे दीड, मिळून पावणेतीन. आपल्या उन्हात, मुरमाड घसाऱ्यावर, गटात नवखे असताना मी त्याला दीडने गुणतो. म्हणजे चार तास. उतरायला तीन धरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मग दुपारी दीड-दोनपर्यंत माथ्यावर पोचला नसाल तर असाल तिथून परत फिरायचं, हे गणित घरीच कागदावर झालेलं असावं. डोंगरावर थकलेल्या डोक्याने ते नीट होत नाही.

ऋतू बघून जागा वाटून द्या

नवखी मंडळी बहुतेक पावसाळ्यातच सुरुवात करतात, आणि हिरवळ बघून ते समजण्यासारखं आहे. पण शेवाळलेला कातळ, धुकं आणि फुगलेले ओढे हे सगळं पहिल्याच ट्रेकला एकदम अंगावर येतं. पावसात रुंद, मळलेल्या वाटाच घ्या. नाळा, सांदण दरी, हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवरची शनिवार-रविवारची गर्दी, हे जून ते सप्टेंबर नकोच. सांदणसारख्या घळीत वर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी क्षणात येतं. धबधब्यांच्या ठिकाणी प्रशासन बंदीचे आदेश काढतं, ते निघण्याआधी तपासा आणि पाळा.

सप्टेंबरात कासचं पठार फुलतं. ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत असतं, वाटा दिसत नाहीत आणि ऊन चटकन लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोन्याचा काळ. लांब, अवघड, मुक्कामाचे सगळे बेत इथे ठेवा. हवा स्वच्छ असते आणि गडांवरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी असतं. मार्चपासून पाणी आटायला लागतं. तेव्हा माणशी चार लिटर पाणी घरूनच न्यायचं आणि अकराच्या आत सावली गाठायची. मेच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत भंडारदरा आणि राजमाचीच्या परिसरात काजव्यांनी झाडं लखलखतात. तिथे टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवा. उजेडात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.

आणि कारवी. सह्याद्रीच्या उतारांवरची ही झुडुपं सात वर्षांतून एकदा फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. कुठल्या डोंगरावर कधी फुलली ते गावातल्या माणसांकडून विचारून वहीत लिहा आणि त्यात सात मिळवा. पाच वर्षांच्या बेतात ती बसत नाही, हे मला खरोखर आवडतं.

वही ठेवा

मोबाइलमध्ये ट्रॅक ठेवाच, ऑफलाइन नकाशेही ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे वाचायला शिका. त्यांत दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरची उंची असते. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की पदर. एवढं आलं तरी अर्धं काम झालं.

पण वही वेगळीच. ट्रेकहून परतल्यावर झोपण्याआधी दहा मिनिटं बसा. माझ्या एका पानावर एवढं असतं: पायथ्याचं गाव, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ, कुठल्या महिन्यात कुठल्या टाक्यात पिण्यालायक पाणी, कुठे वाट चुकलो आणि कशी सापडली, मुक्कामी एसटी येते का आणि सकाळी किती वाजता सुटते, आणि माथ्यावरून दिसलेला, नाव माहीत नसलेला एक डोंगर. शेवटची नोंद पुढच्या बेताचं बी असते.

माणसांच्या नोंदीही ठेवा. वाट विचारताना घाई करू नका. "मामा, वर टाक्यात पाणी हाय का?" असं विचारलं की "हाय, बुरजाच्या मागल्या अंगाला. पन झाकन काढून घ्या, माकडं घान करत्यात," असं उत्तर मिळतं. जीपीएसच्या ट्रॅकवर हे नसतं. नवीन वाटेला गावातला वाटाड्या घ्या, त्याचे पैसे आधी बोलून घ्या आणि घासाघीस करू नका. जेवण सांगायचं तर आदल्या दिवशी फोन करून मावशींना माणसं किती ते सांगा, आयत्या वेळी आकडा बदलू नका. दुसऱ्यांदा त्याच गावात गेलात की नावाने हाक मारतील.

सामान

पहिल्या वर्षी फक्त तीन गोष्टींवर पैसे घाला: चांगली पकड असलेले बूट, पाठीला नीट बसणारी सॅक आणि हेड टॉर्च. पावसाळी जॅकेट, स्लीपिंग बॅग, मॅट दुसऱ्या वर्षी. तंबू आणि स्टोव्ह गटात वाटून घ्या. महागडं सामान घेऊन वर्षात दोनच ट्रेक केलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत.

परवानगी, धोके आणि परत फिरणं

वासोट्यासारख्या ठिकाणी बामणोलीहून बोटीने शिवसागर ओलांडून, वनखात्याची परवानगी घेऊनच जाता येतं आणि त्याच दिवशी परतावं लागतं. कोयना, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत आणि चांदोली हे राष्ट्रीय उद्यान. आवाज, शेकोटी, प्लास्टिक यांचे नियम तिथे कडक आहेत आणि ते बरोबरच आहेत. भीमाशंकरच्या झाडीत शेकरू दिसावा असं वाटत असेल तर स्पीकर घरी ठेवा.

आग्या मोहोळाला मी सगळ्यात जास्त भितो. कड्याखाली, लेण्यांच्या कमानीत ती पोळी लटकलेली असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड यांनी माश्या उठतात. पोळं दिसलं की गप्प, सावकाश, लांबून. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला हलू न देता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. १०८ आणि ११२ हे क्रमांक लक्षात ठेवा, पण दरीत रेंज नसते, म्हणून घरी एकाला लिहून द्या: कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन येईल आणि नाही आला तर कोणाला कळवायचं.

परत फिरणं हा बेताचाच भाग माना. वर्षाच्या १२ दिवसांपैकी दोन कोरे ठेवा, अर्धवट राहिलेल्या ट्रेकसाठी. मी इंद्राईच्या वाटेवर एकदा धुक्यात माघारी फिरलो. सोबत दोन नवखी मुलं होती आणि पुढची पावठी, म्हणजे कातळात खोदलेली पायरी, दिसत नव्हती. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. जानेवारीत पुन्हा गेलो तर लख्ख उन्हात, कातळात खोदून काढलेला तो जुना जिना पायरीपायरीने पाहता आला. कोरा दिवस हाताशी नसता तर त्या धुक्यातही मी कदाचित पुढेच गेलो असतो.

दर जूनला बेत पुन्हा लिहा

पहिला पाऊस पडला की एक संध्याकाळ काढा, वही आणि नकाशा शेजारी ठेवा. झालेल्या जागांवर पेन्सिलीने खूण करा, शाईने नको, कारण तिथे पुन्हा जायचंय. नोकरी बदलली, घरात बाळ आलं, गुडघा दुखावला, तर १२ चे सहा करा आणि पाच वर्षांची आठ करा. रांग तीच ठेवा. आणि दर वर्षी एका नव्या माणसाला एकदा तरी सोबत न्या, तुम्ही पहिल्या वर्षी केलेल्या सोप्या वाटेने.

आत्ता करायचं एवढंच: एका कोऱ्या पानावर रांगेचं नाव लिहा, खाली घराजवळच्या टेकडीचं, आणि त्याखाली येत्या रविवारची तारीख. पहाटेचा गजर लावा. बाटल्या रात्रीच भरून ठेवा.